कुठलेही दोन घे

बाईंसमोर कुणी म्हणालं, "अमक्याचं पोरगं वाया गेलं हो," की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "कधीपासून कधीपर्यंत?"

सांगणारा गडबडायचा. "म्हंजे... काल पारावर पत्ते खेळताना दिसलं."

"हा एक बिंदू झाला. एका बिंदूतून वाटेल तेवढ्या रेषा जातात. दुसरा आण, मग बघू ते वर चाललंय का खाली."

दुसरा बिंदू कुणाकडेच नसायचा. त्यामुळे आमच्या शिक्षकांच्या खोलीत चहा गरम असायचा, पण गप्पा लवकर गार व्हायच्या. सगळ्यात जास्त हाल माझे. मी शाळेत पीटी शिकवतो आणि जत्रांच्या दिवसांत बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, म्हणजे गाडे पळायच्या पट्टीवर, माईक धरतो. "आली आली आली, बारी आली" असं जे ओरडणं जुन्नर-आंबेगावात लांबून ऐकू येतं, त्यातलं बरंचसं माझं असतं. बारी म्हणजे एका गाड्याची धाव. ज्याचं अर्धं पोट बोलण्यावर चालतं त्याला प्रत्येक वाक्याला दोन पुरावे मागणारी बाई शेजारच्या खुर्चीत मिळावी, हे माझं नशीब.

त्यातून मी त्यांचाच विद्यार्थी. दहावीच्या सहामाहीला गणितात मला अकरा मार्क होते आणि सराव परीक्षेलाही अकराच. उत्तरपत्रिका हातात देताना बाई म्हणाल्या होत्या, "तू आडवी रेषा आहेस. कितीही लांब जा, चढ शून्य." पुढं त्याच शाळेत मी नोकरीला लागलो, लग्न झालं, पोट सुटलं, तरी बाईंचं सकाळचं पहिलं वाक्य तेच राहिलं. "आडवी रेषा आली का? मग भरवा शाळा."

शाळा आणे पठाराच्या पायथ्याशी, रस्त्यालगतच्या एका टेकाडावर. रस्त्याला फाटक, आणि वर वऱ्हांड्यापर्यंत दगडी पायऱ्या. बाई गणित शिकवायच्या ते खिळे आणि सुतळी घेऊन. पर्समध्ये बाकी काही असो नसो, दोन मोठे खिळे आणि सुतळीचा गुंडा असायचाच. वर्गात आल्या की एक खिळा फळ्याच्या चौकटीत, दुसरा दाराच्या चौकटीत, चपलेच्या टाचेनं ठोकायचा आणि मधे सुतळी ताणायची. मग पोरांना उठवायच्या. "ह्या सुतळीवर कुठलेही दोन घे. एक फूट पुढं गेल्यावर किती वर गेलास ते सांग. आता दुसरे दोन घे. आता अजून दुसरे." उत्तर तेच यायचं. पोरं कंटाळायची, बाई कंटाळायच्या नाहीत. दाराच्या चौकटीला एवढी भोकं पडली होती की शिपाई म्हणायचा, हिला वाळवी लागली न्हाई, हिला बाई लागल्यात.

निकालाच्या दिवशी त्यांचं स्वतःचं एक बक्षीस असायचं, कागदी पुडीतली जिलेबी. ती पहिल्या नंबराला नाही, ज्याचा चढ जास्त त्याला. एकदा नऊ मार्कांवरून एकतीसवर आलेल्या मुलीला ती पुडी मिळाली, तर पहिल्या आलेल्या मुलीचे वडील भांडायला आले. "आमच्या पोरीला ब्याण्णव हायेत, बाई."

"मागच्या वेळीही ब्याण्णवच होते," बाई म्हणाल्या. "चांगलं पठार आहे. राहायला झकास. पण मी जिलेबी चढावर वाटते."

आमच्या संस्थेचे सेक्रेटरी म्हणजे बाईंच्या भाषेत उभी रेषा. एकदा म्हटलं की म्हटलं, पुढं नाही, मागं नाही. "उभ्या रेषेचा चढ काढता येत नाही," बाई त्यांच्या देखतच सांगायच्या. "खाली शून्य येतं, आणि शून्यानं भागायची सोय नाही." सेक्रेटरींना गणित कळायचं नाही, पण आपल्याला काहीतरी म्हटलंय एवढं कळायचं.

तर अशा या बाईंना पाडलं एका तंबाट्यानं. नारायणगावच्या बाजारात पाय पडला, घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की घरात वॉकर घेऊन थोडं चाला, बाहेर चाकाची खुर्ची, आणि पायरी म्हणाल तर एकसुद्धा नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

सेक्रेटरी केळी घेऊन भेटायला आले तेव्हा मी तिथंच होतो. "बाई, तुमी शाळेसाठी लई केलंत," ते म्हणाले. "आता स्वेच्छानिवृत्ती घ्या. पायऱ्या तुमाला जमायच्या न्हाईत आणि शाळा काय टेकाडावरून खाली आणता येत न्हाई."

"दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी माझी मी वर्गात आले तर?"

"तर प्रश्नच मिटला."

"आणि नाही आले तर तुम्ही म्हणाल तिथं सही करते."

इथं गप्प बसायचं होतं, पण मी बोललो. "त्यात काय एवढं, बाई. आम्ही आहोत ना. खुर्चीसकट उचलून वर नेऊ."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "पालखीत बसायला मी देव नाही. उचलायचं नाही आणि ढकलायचंही नाही."

"तुमीच म्हणताय," सेक्रेटरी उठता उठता म्हणाले. "तुमची तुमी."

"माझी मी."

ते गेल्यावर खोलीत केळी राहिली, बाई राहिल्या आणि मी. मला वाटलं आता त्या रडतील. त्यांनी एक केळं सोललं. "उतरण बांधायची. चढ किती ठेवायचा ते काढ. शाळेच्या फाटकासमोरचा हापसा म्हणजे शून्य धर. हापशापासून फाटक आडवं आठ फूट आणि वर एक फूट. वऱ्हांड्याची कड आडवी ऐंशी फूट आणि वर सात फूट. हे झाले दोन बिंदू. सांग."

मला दहावीचा घाम फुटला. "सातातून एक गेला, सहा."

"बरं."

"आणि आठातून ऐंशी गेले... वजा बहात्तर. म्हणजे चढ आला वजा एक भागिले बारा."

"वजा."

"हो."

"म्हणजे मी फाटकातून शाळेकडं निघाले की जमिनीत उतरत जाणार. शाळा आहे का विहीर?" केळ्याचं साल माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "उंची काढताना वऱ्हांड्यापासून निघालास, तर अंतर काढतानाही वऱ्हांड्यापासूनच निघ. वर एकापासून मोजायचं आणि खाली दुसऱ्यापासून, असं चालत नाही. ऐंशीतून आठ. बहात्तर. एक फूट चढायला बारा फूट. तेवढं माझ्या दंडांना झेपतं."

"कशावरून?"

त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. तिथं एक फळी होती, एका टोकाला विटा लावलेली, आणि शेजारी पाण्यानं भरलेले दोन कॅन. बाई घरातल्या वहिनींना, म्हणजे भावाच्या बायकोला, दाराशी राखण बसवून रोज खुर्ची त्या फळीवर चढवत होत्या आणि उरलेल्या वेळात कॅन उचलत होत्या. केळी नेण्याऐवजी आपण खारीक-खोबरं न्यायला हवं होतं, हे सेक्रेटरींना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

बांधायचं काम मी अंगावर घेतलं. मी असं बरंच काही अंगावर घेतो. गावच्या घाट कमिटीनं नुकताच शर्यतीचा घाट नवा केला होता. जेसीबी गावातच, रोलर गावातच, मुरूम उरलेला. कमिटीचे मुख्य आबा, सत्तरीचे. पूर्वी त्यांच्या घरात मेंढरं होती, आता कांदा आणि शर्यतीची एक बैलजोडी. बाईंवर त्यांचा जीव, कारण त्यांचा नातू त्या जिलेबीच्या पुडीनं बारावीपर्यंत गेलेला. मी घोडेगावकडं एका जत्रेत माईक धरायला चाललो होतो, तिथूनच फोन केला.

"आबा, फाटकापासून वऱ्हांड्यापर्यंत चढ करायचाय. आपल्या घाटासारखा, एक नंबर. दोन्ही टोकं तेवढी बरोबर जुळली पायजेत."

"काळजीच करू नका, राव," आबा म्हणाले. "घाट करण्यात आमचा हात कोण धरतंय?"

शाळा सोमवारी उघडणार होती. मी शुक्रवारी परतलो तेव्हा काम तयार. मुरूम दाबून गुळगुळीत, कडेला दगड लावलेले. मी टेप घेतली, पातळी बघायला गवंड्याची पाण्याची नळी घेतली, खालचं टोक मोजलं, वरचं टोक मोजलं. बहात्तर फुटांत सहा फूट, बोटभरसुद्धा फरक नाही. ऐंशीतून आठ मी या वेळी बरोबर वजा केले. एवढा आनंद झाला की तिथंच उभं राहून मी रिकाम्या शाळेला उद्देशून बारी पुकारली.

शनिवारी सकाळी आबांच्या पिकअपमधून बाई आल्या. खुर्ची फाटकात उतरवली. मी छाती काढून म्हणालो, "मोजून घ्या, बाई. सहा भागिले बहात्तर. एक भागिले बारा."

"कुठले दोन घेतलेस?"

"हे काय, खालचं टोक आणि वरचं टोक."

बाईंनी चढाकडं बघितलं, चाकांना हात घातला आणि निघाल्या. सुरुवातीला खुर्ची सपाट रस्त्यावरनं जावी तशी गेली. मी आबांकडं बघून भुवया उडवल्या. अर्ध्यात गेल्यावर खुर्ची हळू झाली. मग थांबली. बाई पुढं वाकल्या, दंडाच्या शिरा दिसायला लागल्या, खुर्ची वीतभर चढली आणि मागं यायला लागली. मी धावलो.

"हात लावायचा नाही."

त्या चाकं धरून, तळहात भाजत, इंचाइंचानं मागं आल्या आणि सपाटीला येऊन थांबल्या. मी मागं हात पसरून उभा, तोंड उघडं.

"मधला एक घे," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला. "बरोब्बर अर्ध्यावरचा. फाटकापासून तिथवर किती चढलाय बघ."

मोजलं. छत्तीस फुटांत एकच फूट. पुढच्या छत्तीस फुटांत पाच.

"दोन्ही टोकं बरोबर आहेत, बाई," मी पुटपुटलो.

"टोकं कुठल्याही वाकड्या गोष्टीची बरोबर असतात. रेषा असली की कुठलेही दोन घे, चढ तोच येतो. इथं दोन जागी दोन आले. म्हणजे ही रेषाच नाही." मग त्या आबांकडं वळल्या. "आबा, हा कुणासाठी केलात?"

"तुमच्यासाठी, बाई."

"मग शेवटाला एवढा उभा का?"

आबांना प्रश्नच कळेना. "घाट असतोच की तसा, बाई. सुरवातीला सपाट, बैलाला पळू द्यायचं. शेवटाला चढ, म्हंजी सुटल्याली बैलं आपसूक थांबत्यात."

"मला थांबायचं नाहीये, आबा."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, माझ्याकडं बघितलं. "पीटी सर, तुमीच म्हणला व्हता ना, घाटासारखा करा म्हणून?"

"म्हणालो होतो."

"तुमी माईकवरच बरे हाये, राव."

जेसीबी रविवारी आणे गावाला जायचा होता, तिकडच्या कुणाची तरी विहिरीची माती काढायला. आबांनी तिथंच फोन लावला. "उद्या न्हाई जमायचं, पावणं. न्हाई, न्हाई, घाट न्हाई. आमच्या बाईंची रेषा काढायचीय."

रविवारी सकाळी बाई फाटकाजवळच्या लिंबाखाली खुर्चीत, डोक्यावर छत्री. पर्समधून खिळे निघाले. एक फाटकाच्या खांबापाशी ठोकला, एक वऱ्हांड्याच्या कडेला, आणि मधे बहात्तर फुटांची सुतळी ताणली. अर्ध्यावर सुतळी आणि मुरूम यांच्यात दोन फुटांची पोकळी. सगळा घोटाळा त्या पोकळीत दिसत होता, मी फोनवर बोललेल्या एका वाक्याएवढा. ती भरायला ट्रॉल्यांवर ट्रॉल्या मुरूम आला, कडेचे दगड काढून पुन्हा रचले. घमेली वाहायला मी होतोच, बाईंनी तसं आधीच ठरवलेलं. दुपारी चहा आला तेव्हा दमून मी जिथं होतो तिथंच बसकण मारली.

"अरे, सुतळीवर बसलास," बाई लिंबाखालून म्हणाल्या. "एवढा वेळ सरळ होतं सगळं."

आबांची माणसं हसून हसून खाली बसली, ती मात्र सुतळी सोडून. बाई अधूनमधून छत्रीनं दोन जागा दाखवायच्या. "ती आणि ती." आबा नळी धरायचे, मी टेप. चढ जुळला नाही की पुन्हा घमेलं. उन्हं कलली तेव्हा आबा स्वतःच म्हणाले, "बाई, आता तुमी न्हाई, मी दाखवणार. ही आन् ती." मोजलं. मग त्यांनी अजून दोन दाखवल्या. मग अजून. बाईंनी छत्री मिटली.

सोमवारी सेक्रेटरी वऱ्हांड्यात येऊन उभे होते. पोरं दोन्ही बाजूंनी. मला आदल्या दिवशीच ताकीद होती. "तू बारी पुकारलीस तर मी अर्ध्यातून परत फिरेन." त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर चढावर काहीतरी चाललं होतं आणि मी ओठ दाबून उभा होतो. ते किती अवघड असतं हे माईकवाल्यालाच विचारा.

बाई निघाल्या. एक ढकल, एक श्वास. या वेळी सुरुवातीला खुर्ची पळाली नाही आणि पुढं अडली नाही. सगळीकडं सारखाच जड चढ. अर्ध्यावर त्यांनी ब्रेक लावला आणि हात पदराला पुसले. आमच्या इंग्रजीच्या सरांनी फाटकात एक फोटो काढला होता आणि दुसरा काढायला ते मोबाईल सावरत वर वऱ्हांड्याकडं पळत होते. बाईंना धड बोलता येत नव्हतं, तरी बोलल्या.

"काढायचा तर... इथला काढा."

तो फोटो माझ्याकडं आहे. चष्मा नाकावर घसरलेला, केस विस्कटलेले, तोंड वाकडं. कुणाच्याही भिंतीवर लावण्यासारखा नाही.

वर पोचल्यावर सेक्रेटरींनी वाकून हात पुढं केला. बाईंनी तो घेतला नाही, पण नमस्कार केला. "जमलं की, बाई," ते म्हणाले. मग उभी रेषा जागी झाली. "पण आजचा दिवस वेगळा. रोज जमंल का?"

"दोन वर्षं आहेत," बाई म्हणाल्या. "कुठलेही दोन दिवस घेऊन बघा."

सेक्रेटरींनी ते खरंच केलं. न सांगता एकदा भर पावसात आले, तेव्हा बाई डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून अर्ध्या चढावर होत्या. एकदा परीक्षेच्या आठवड्यात आले, तेव्हा मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन चढत होत्या. त्यानंतर ते आले ते जुन्नरच्या वेल्डिंगवाल्या चाचांना घेऊन, आणि चढाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसला. कुणी मागितला नव्हता.

"उभी रेषा जराशी कलली," बाई मला म्हणाल्या. "आता हिचा चढ निघेल."

एक गोष्ट मात्र सेक्रेटरींना कधी कळली नाही. चढताना बाई हात लावू देत नसत, पण शाळा सुटून सगळे गेले की उतरताना खुर्ची मागून मीच धरायचो. तेवढं त्यांनी मान्य केलं होतं. "शब्द चढायचा दिला होता," त्या म्हणायच्या. "उतरायचं कुणी बोललंच नव्हतं."

शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला. आबा फेटा बांधून आले होते, सेक्रेटरी चांगलं बोलले, मी माईक हातात असूनही कमी बोललो. मग नेहमीसारखे आम्ही दोघंच वऱ्हांड्याच्या कडेला. मांडीवर नारळ आणि शाल, पर्समध्ये खिळे. मी खुर्ची धरली, आणि गप्प बसवेना म्हणून बोललो.

"बाई, आता उतारच लागला म्हणायचा."

त्यांनी ब्रेक लावला. "चढ काढ."

"आता?"

"हापसा शून्य. वऱ्हांड्यातून निघालोय म्हणून वऱ्हांडा पहिला बिंदू धर. फाटकातून वऱ्हांडा वजा कर. वर पण आणि खाली पण."

मी खुर्ची दोन्ही हातांनी धरून आकाशाकडं बघत हिशेब केला. "एकातून सात गेले, वजा सहा. आठातून ऐंशी गेले, वजा बहात्तर. वजाला वजानं भागलं..." मी थांबलो. पुन्हा केलं. "बाई, एक भागिले बारा. हे तर चढतानाचंच आलं."

"मग? वरून निघालास म्हणून वेगळं येईल वाटलं तुला?" त्यांनी ब्रेक सोडला. "चल. आणि धर नीट. बोलता बोलता सोडशील."